विंच पुढे लावायची की मागे?

सोयाबीन काढणीला आलं आणि परतीच्या पावसाने गाठलं, की लातूर-नांदेडच्या गॅरेजांत एक प्रश्न हमखास निघतो: पिकअपला पुढून विंच लावून घ्यावी का? विचारणारा बहुधा तिशीच्या आतला असतो. गाडीचे हप्ते चालू असतात आणि मोबाइलवर त्याने कुठल्या तरी परदेशी जंगलात आपली आपण चिखलातून वर येणारी गाडी पाहिलेली असते. त्याला हसण्यात अर्थ नाही. गाडीत माल भरलाय, अहमदपूरच्या अडतीवर पोचायचंय, गाडी पांदणीत रुतलीय, वरून भुरभुर चालू आहे आणि ट्रॅक्टरवाला फोन उचलत नाही, अशी एक संध्याकाळ ज्याने काढली त्याला विंच ही चैन वाटत नाही.

तरी माझं मत आधीच सांगून टाकतो. इथल्या माल वाहणाऱ्या पिकअपच्या पुढच्या बंपरवर विजेची विंच बसवणं हे बहुतेकांसाठी पैसे पाण्यात घालणं आहे. म्हणून विंच हे यंत्र इथे बिनकामाचं ठरतं असं मात्र नाही. या दोन जिल्ह्यांना विंचीची जेवढी गरज पडते तेवढी फार थोड्या मुलखांना पडत असेल. फक्त ती गाडीच्या दुसऱ्या टोकाला लागते आणि वेगळ्याच कामासाठी.

यंत्र म्हणाल तर नवं काहीच नाही. एक ढोल, त्यावर गुंडाळलेला दोर किंवा तार, आणि ढोल सावकाश पण जबर ताकदीने फिरवणारी काहीतरी युक्ती. रहाट हेच करतो. मोटेला ढोल नव्हता, पण हिशेब तोच होता: धावेच्या उतारावर बैलजोडी खाली चालत जायची, नाडा चाकावरून सरकायचा आणि पाण्याने भरलेली मोट वर यायची. उदगीर-देवणीकडची देवणी आणि कंधारची लाल कंधारी या जाती ओढकामाला नावाजलेल्या आहेत. पुढे विहिरीच्या काठावर डिझेल इंजिनाची क्रेन आली, पश्चिम महाराष्ट्रात तिला यारी म्हणतात. इंजिन, गिअर, ढोल, तार, आणि खाली मुरूम-दगड भरलेली बादली. धरणाचे दरवाजे उचलणारा रोप-ड्रम होइस्टही याच घराण्यातला.

गाडीच्या पुढच्या विंचीची कथा अमेरिकेतली. वॉर्न ही कंपनी १९४८ साली निघाली ती जीपच्या चाकांचे लॉकिंग हब बनवण्यासाठी. तिची ८२७४ नावाची विजेची विंच १९७४ साली आली. आठ हजार पौंड ओढणारी, गाडीच्याच बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक विंचींचा बाज वेगळा आहे: एका बाजूला डीसी मोटार, मध्ये ढोल, दुसऱ्या बाजूला प्लॅनेटरी गिअर. दिसायला आटोपशीर, वजनाला तारेसकट चाळीस किलोच्या आसपास.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘९५००’ छापलेलं असतं. ते पौंड आहेत, किलो नव्हेत, हे दुकानदार सांगेलच असं नाही. किलोत ते ४३०० च्या थोडं वर जातं. इथेच पहिली गोम आहे. तो आकडा ढोलावर तारेचा एकच थर उरलेला असतानाचा असतो. वर जितके थर जास्त तितका ढोलाचा घेर वाढतो आणि ओढ कमी होते. चौथ्या थरावर साठ टक्क्यांच्या आसपासच ताकद राहते. तार साधारण पंचवीस-अठ्ठावीस मीटर असते. बांधायचं झाड दहा मीटरवर असेल तर दहाच मीटर तार सुटणार आणि उरलेली ढोलावर राहणार. म्हणजे खुंटा जवळ मिळाला म्हणून आनंद व्हावा, तर नेमकी तेव्हाच विंच सगळ्यात दुबळी असते. त्यावर उपाय आहे. खुंट्याला कप्पी लावायची, तार तिच्यातून फिरवून परत आपल्याच गाडीला अडकवायची. ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्मा. जास्त तार सुटल्यामुळे थरही कमी होतात. कप्पीशिवाय विंच घेणं म्हणजे अर्धी विंच घेणं.

दुसरी गोम बॅटरीची. भरल्या ओढीवर ही मोटार साडेतीनशे-चारशे अँपिअर खाते. पिकअपचा अल्टरनेटर शंभराच्या आतच देतो. बाकीचं सगळं बॅटरीतून जातं. पूर्ण भारावर तार मिनिटाला जेमतेम एक-दीड मीटर आत येते, आणि मिनिटभर ताणलं की मोटार थंड व्हायला थांबावं लागतं. दोन वर्षं जुन्या बॅटरीवर, रात्री, दिवे चालू ठेवून, वीस मीटर ओढायचं म्हणाल तर गाडी निघण्याआधी बॅटरी बसायची. मग चिखलात रुतलेली आणि स्टार्टही न होणारी, अशी दुहेरी अडचण.

आता खरा प्रश्न, आपल्या मातीचा.

मराठवाड्याची काळी माती बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यात माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती असते आणि तिचा कण पाणी पिऊन फुगतो. उन्हाळ्यात याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात ती टायरच्या नक्षीत भरते, दोन फेऱ्यांत नक्षी नाहीशी होते आणि टायर गुळगुळीत गोळा होऊन जागच्या जागी फिरतो. ड्रायव्हर घाबरून ॲक्सिलरेटर दाबतो. चाक खाली जातं, मागच्या एक्सलचा फुगा जमिनीला टेकतो, मग चेसिस टेकते. एकदा चेसिस टेकली की ओली माती गाडीला खालून धरून ठेवते. कोकणातल्या जांभ्यावर किंवा वाळूत गाडी फसणं वेगळं. इथे माती गाडीला चिकटते, आणि पहिली दहा इंच हलवायलाच सगळा जोर जातो.

हा जोर किती, याचा एक साधा ठोकताळा अमेरिकी लष्कराच्या गाड्या बाहेर काढण्याच्या पुस्तिकेत आहे. चिखल चाकांपर्यंत असेल तर गाडीच्या वजनाइतकी ओढ धरायची. मडगार्डापर्यंत असेल तर दुप्पट, केबिनपर्यंत असेल तर तिप्पट. भरलेली पिकअप तीन टनांची धरा. चाकांपर्यंत रुतली तर तीन टन ओढ, म्हणजे साडेनऊ हजार पौंडांची विंच भरल्या ढोलावर आधीच अपुरी. मडगार्डापर्यंत गेली तर सहा टन, मग कप्पीशिवाय नाव काढायला नको. विंच गाडीच्या भरल्या वजनाच्या दीडपट घ्यावी असं जे सांगतात ते तीन टनांना साडेचार टन, म्हणजे दहा हजार पौंडांच्या आसपास येतं. रिकाम्या गाडीचं वजन धरून विंच घेणारे पुष्कळ. पण रिकामी पिकअप इथे रुततच नाही फारशी, रुतते ती सोयाबीनची पोती घेऊन.

त्याच पुस्तिकेत आणखी एक ओळखीची गोष्ट आहे, जी आपल्याकडे कुठलाही जुना गाडीवान सांगेल: गाडी ज्या वाटेने आत गेली त्याच वाटेने उलटी ओढावी. चाकोरी तयार असते, ओढ साधारण दहा टक्क्यांनी कमी लागते. आणि मुख्य म्हणजे मागे कुठेतरी घट्ट जमीन असते, कारण तिथूनच आपण आलो. पुढे काय आहे ते ठाऊक नसतं. बंपरवरची विंच मात्र पुढेच ओढते. पांदणीत शंभर मीटर चिखल असेल आणि तुम्ही तिसाव्या मीटरवर रुतला असाल, तर विंच तुम्हाला इमानेइतबारे पन्नासाव्या मीटरवर नेऊन ठेवील.

आणि बांधायचं कशाला? जाहिरातीतल्या जंगलात दर दहा फुटांवर झाड असतं. आपल्याकडे जिथे गाडी रुतते तिथे दोन्ही बाजूंना सोयाबीन, तूर, कापूस, नाहीतर ऊस. बांधावर एखादी बाभळ, विहिरीजवळ लिंब. विजेचा खांब दिसतो, पण त्याला तार अडकवण्याचा विचारही करू नये. तीन टनांच्या ओढीने खांब वाकला तर वरच्या तारा अंगावर येतील. जमिनीत पहारी ठोकाव्यात तर मुरमात त्या धरतात, ओल्या काळ्या मातीत लोण्यात सुरी जावी तशा सरकतात. आडवा चर खणून त्यात लाकूड किंवा स्टेपनी पुरून तिला तार बांधायची, ही पद्धत चांगली आहे. पण त्यासाठी माणूसभर खड्डा खणायचा. खणायला फावडं आणि दोन माणसं असतीलच, तर चाकापुढची माती काढून, दगड-पऱ्हाट्या घालून गाडी तशीही निघते.

यावर कुणी म्हणेल, मग ट्रॅक्टरला बांधा. बरोबर. पण ट्रॅक्टर आला तर विंच कशाला हवी? पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर दोन टनांचा, मोठ्या काट्यांचे टायर, घट्ट जमिनीवर उभा राहून लांब साखळीने मागून ओढतो. ऊस असलेल्या गावांत तर हे रोजचंच काम. मांजरा किंवा तेरणा काठच्या फडातून दोन ट्रॉल्या भरलेला ट्रॅक्टर निघेना की पुढे दुसरा जोडतात, तरी निघेना की तिसरा, आणि जेसीबी जवळ असेल तर प्रश्नच मिटतो.

पैशाचा हिशेब सरळ आहे. समजा विंच, तिला पेलणारा बंपर, जाड केबल, मोठी बॅटरी, पट्टा, शॅकल, कप्पी आणि मजुरी मिळून सत्तर हजार गेले. ट्रॅक्टरवाल्याला दर खेपेला पाचशे दिले असं धरा. बऱ्याचदा तो शेजारी म्हणून काहीच घेत नाही, चहावर भागतं. सत्तर हजार वसूल व्हायला एकशे चाळीस वेळा रुतावं लागेल. वर्षातून पाच वेळा रुतणाऱ्याला अठ्ठावीस वर्षं. तेवढं पिकअपचं आयुष्य नाही. आणि जो वर्षातून पाचापेक्षा जास्त वेळा रुततो त्याने विंचीआधी ड्रायव्हर बदलावा.

पांदण रस्त्यांसाठी सरकारने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली. खडी-मुरूम पडून जे रस्ते झाले तिथे हा सगळा विषयच संपतो. जिथे झाले नाहीत तिथे वाद बहुधा पैशाचा नसतो, बांधाचा असतो, आणि त्याला कुठलीच विंच पुरत नाही.

या दोन जिल्ह्यांत पुढच्या विंचीला जागा असेल तर ती एकच: किनवट-माहूरचा डोंगराळ पट्टा. तिथे साग आहे, घाट आहे, खडकाळ ओढे आहेत आणि हाकेच्या अंतरावर ट्रॅक्टर असेलच असं नाही. तिथे फिरणारी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी असेल, एकट्याने जावं लागत असेल, तर घ्या. पण जिवंत झाडाला नुसती तार गुंडाळू नका, साल सोलून निघते आणि झाड वाळतं. रुंद पट्टा लागतो. हातात चामडी मोजे हवेत, कारण जुन्या तारेचे तुटके तंतू कुसळासारखे तळव्यात शिरतात. ताणलेल्या तारेवर मध्यावर जाड गोणपाट किंवा सतरंजी टाकावी, तुटली तर तार हवेत न उडता खाली पडते. आणि तार ताणलेली असताना तिच्या रेषेत कुणी उभं राहू नये, ती ओलांडू तर मुळीच नये. हल्ली तारेऐवजी सिंथेटिक दोर येतो, हलका आणि तुटला तरी कमी घातक. पण मराठवाड्याचं ऊन त्याला खातं आणि चिखलातली बारीक कच त्याच्या पिळात शिरून आतून घासते. वापर झाला की धुवावा लागतो, आणि तो कोण धुतो?

पुरासाठी विंच उपयोगी पडेल हाही एक गैरसमज. २०२५च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगावात पाणी शिरलं तेव्हा लोकांना काढायला लष्कर बोलवावं लागलं. वाहत्या नळकांडी पुलावर घातलेली गाडी विंच वाचवत नाही. पाणी ओसरेपर्यंत अलीकडे थांबणं हाच तिथला मार्ग.

कायद्याचं कलम मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण गॅरेजात ते कुणी काढत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून पुढे बसवलेल्या लोखंडी क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेला धक्का लावणारे बदल चालणार नाहीत असा निकाल दिला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. विंच सुटी लटकत नाही, तिला लोखंडी चौकट लागते. ती चौकट आरटीओच्या नजरेत क्रॅश गार्डच. एमएच २४ असो वा एमएच २६, फिटनेसच्या दिवशी हे निघणार, आणि अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस आधी त्याच लोखंडाचा फोटो काढणार.

मग रोजच्या पिकअपमध्ये काय ठेवावं? वीस-पंचवीस फुटांची चांगली साखळी किंवा पट्टा, दोन शॅकल, फावडं, दोन जाड फळ्या, आणि जमलं तर हाताने चालवायची ओढ. इरेक्शनवाले जिला टर्फर म्हणतात ती, किंवा तीन टनांची चेन कप्पी. हळू चालते, घाम काढते, पण बॅटरी मागत नाही, आरटीओला खुपत नाही आणि मागूनही ओढते. मळणी यंत्र, रोटाव्हेटर किंवा बंद पडलेली बुलेट फळ्यांवरून हौद्यात चढवायची असेल तर केबिनच्या मागे बोल्टने बसवलेली टनभराची हँड विंच पुरेशी आहे. तिला ब्रेक असलेलीच घ्यावी. ब्रेक नसलेल्या स्वस्त विंचीचं हँडल सुटलं की ते उलटं फिरतं आणि मनगट घेऊन जातं.

इथपर्यंत पुढच्या विंचीचं झालं. ज्या विंचीवर या भागात घर चालू शकतं ती निराळी, आणि तिचा धंदा जमिनीवर नसून जमिनीखाली आहे.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. त्या बातमीने देशाला लातूर कळलं. बातमीत न आलेली गोष्ट म्हणजे त्याच्या आधीची आणि नंतरची कितीतरी वर्षं या मातीत पडत गेलेली भोकं. महाराष्ट्राचा भूजल अधिनियम, २००९, शेती आणि उद्योगासाठी साठ मीटरच्या, म्हणजे दोनशे फुटांच्या, खाली जायला मनाई करतो. शिवारात मात्र पाचशे-सातशे फूट हा बोलण्यातला आकडा आहे. प्रत्येक बोअरच्या तळाशी एक सबमर्सिबल मोटार लोंबकळते. ती कधी ना कधी जळते: व्होल्टेज पडलं म्हणून, पाणी आटल्यावर कोरडी फिरली म्हणून, गाळ बसला म्हणून, केबलचा जोड भिजला म्हणून. मग ती वर काढावी लागते, आणि नवी किंवा रिवाइंड केलेली परत सोडावी लागते. तेच काम दोनदा.

पाचशे फुटांचा, जीआय पाइपचा बोअर घ्या. वीस फुटांचा एक पाइप, असे पंचवीस. सव्वा इंची पाइप मीटरला तीन किलोच्या थोडा वर, म्हणजे नुसतं लोखंड साडेचारशे-पावणेपाचशे किलो. आत उभं पाणी दीडशे लिटरच्या आसपास, कारण खालचा व्हॉल्व्ह ते सोडत नाही. मोटार-पंप पन्नास-साठ किलो, वर केबल. सगळं मिळून सातशे किलोच्या घरात. रुतलेल्या पिकअपच्या तुलनेत हे काहीच नाही. फरक असा की पिकअप ओढताना तार तुटली तर पिकअप जागेवर राहते. इथे तार तुटली तर सगळं परत खाली जातं, आणि बोअर कायमचा बुजतो.

पूर्वी हे काम तीन लोखंडी पायांचा सांगाडा उभारून, चेन कप्पीने, सात-आठ माणसं करायची. किंवा दोर कप्पीवरून घेऊन ट्रॅक्टरला बांधायचा आणि ट्रॅक्टर शेतात चालत जायचा, मोटेच्या बैलांसारखाच. आता पिकअपच्या हौद्यात यंत्र येतं. जाताना केबिनवर आडवा झोपलेला, जागेवर उभा केल्यावर वीस फुटी पाइप पूर्ण वर घेईल एवढा उंच मनोरा, खाली ढोल, त्याला गिअर आणि एक लहानसं डिझेल इंजिन. विजेवर चालणारी मोटार स्वस्त पडते, पण शेतीपंपाची वीज पाळीने येते, कधी दिवसा कधी रात्री. वीज नसताना ज्याला काम करता येतं त्यालाच बोलावणं येतं.

काम बघण्यासारखं असतं. पहिला पाइप केसिंगच्या वर आला, दुसऱ्याचं कपलिंग दिसलं की त्याच्या खाली क्लॅम्प आवळतात. मग यंत्रवाला तार इंचभर सोडतो आणि सगळा भार क्लॅम्पवर, क्लॅम्प केसिंगच्या तोंडावर बसतो. एक कर्कश आवाज येतो. त्या एका इंचात अनुभवी आणि नवखा कळतो, कारण क्लॅम्प अर्धवट आवळलेला असेल तर तिथेच पाइप सरकतो. दोघं चेन पान्याने जोड सोडवतात, आत साठलेलं पाणी उसळून अंगावर येतं, पाइप बाजूला जातो, हुक पुन्हा खाली. असं पंचवीस वेळा. मधेच मोटार अडकली तर खेचत सुटायचं नसतं. वरच्या जोडाचे आटे निसटले की पाइप खाली आणि नुसता तुकडा हातात. जाणते लोक ताण देऊन थांबतात, थोडं सोडतात, पुन्हा ताण देतात. गाळ सुटायला वेळ लागतो आणि तो वेळ द्यावाच लागतो.

इथेच एक सावधगिरी. ‘एकाच विंचीत दोन्ही कामं होतील’ म्हणून बंपरची विजेची विंच मनोऱ्याखाली लावणारे भेटतात. तसं करू नये, आणि चांगल्या कंपन्यांच्या पुस्तिकेत तसं स्पष्ट छापलेलं असतं. ती विंच आडव्या ओढीसाठी आहे. तिचा ब्रेक ढोलाच्या पोटात असतो. भार घेऊन तार खाली सोडताना तो तापत जातो, आणि मोटार बोअरमध्ये सोडताना नेमकं तेच करायचं असतं, अर्धा तास सलग. उचलण्याच्या यंत्राला वर्म गिअर हवा, जो उलटा सहसा फिरत नाही, आणि त्याच्या जोडीला हाताने किंवा पायाने लागणारा स्वतंत्र ब्रेक. तारेची तुटण्याची ताकद भाराच्या पाचपट धरतात. सातशे किलोला साडेतीन टन, म्हणजे आठ मिलिमीटरची चांगली तार काठावर पास होते. अडकलेली मोटार हिसका देते हे लक्षात घेतलं तर दहा मिलिमीटरचीच घ्यावी.

या धंद्यालाही ग्रहण आहे, आणि ते काळ्या एचडीपीई पाइपचं. तो एकसंध येतो, जोड नसतात, वजनाला जीआयच्या पाव भागाहून कमी भरतो. मध्यम खोलीवरची तशी मोटार पाच-सहा माणसं हाताने ओढून काढतात, यंत्र लागत नाही. खोल बोअर, जड मोटार आणि जुने जीआय पाइप जिथे आहेत तिथेच खरं गिऱ्हाईक. त्यामुळे यंत्र बांधायला टाकण्याआधी आपल्या पंधरा-वीस गावांत कुणाच्या बोअरमध्ये कोणता पाइप आहे हे रिवाइंडिंगच्या दुकानदाराकडून काढून घ्यावं. जळलेली मोटार शेवटी त्याच्याच दारात येते, त्यामुळे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. त्याच्याशी जमलं तर गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

मोटार काढल्यावर बोअरचं तोंड उघडं राहतं, हे यंत्रवाल्याच्या लक्षात राहिलं पाहिजे. मोटार लातूरला रिवाइंडिंगला जाते, दोन-चार दिवस लागतात आणि शेतात सहा इंचाचं, शेकडो फुटांचं भोक तसंच. उघड्या बोअरवेलबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सूचना दिल्या आहेत. लोखंडी झाकण आणि दोन बोल्ट गाडीतच ठेवावेत. शेतकरी पोतं टाकून दगड ठेवतो, तेवढ्यावर लेकराचा भरवसा ठेवू नये.

यंत्र बांधून घेताना तीन गोष्टी मी स्वतः तपासून बघेन. पहिली, मागचे जॅक. भार पिकअपच्या पाट्यांवर येता कामा नये. पाटे दबले की मनोरा बोअरवरून सरकतो आणि पाइप केसिंगला घासतो. काळ्या मातीत जॅकखाली जाड लाकडी फळ्या लागतातच, नाहीतर जॅक स्वतःच रुततात. दुसरी, ब्रेक. शेडमध्ये आठशे किलो लोखंड टांगून, इंजिन बंद करून, चहा पिऊन यायचं. भार वीतभरही खाली आला असेल तर पैसे द्यायचे नाहीत. तिसरी, सगळं यंत्र हौद्यातून उतरवता येतं का. कायमचं वेल्ड केलं की ती मालवाहू गाडी राहत नाही, नोंदणीत बदल करून घ्यावा लागतो. शिवाय पाऊस लागला की शेतातल्या बोअरपर्यंत ही जड गाडी पोचतच नाही, तीही रुतते. मोटार काढायचा खरा हंगाम मार्च ते जून. मृग बरसला की यंत्र चार बोल्ट काढून शेडमध्ये उतरतं, आणि तीच पिकअप खतांच्या खेपा करायला मोकळी होते.